एका पानात किती बंगाल मावतो?

बनफूल यांची ‘निमगाछ’ ही गोष्ट छापील पानभरही नाही. घरामागे एक कडुनिंब आहे. कुणी त्याची साल काढून उकळतं, कुणी पाला पाट्यावर वाटतं, कुणी तो तेलात तळून खरूज-नायट्यावर लावतं. कोवळी पानं वांग्याबरोबर परतून खाल्ली जातात, दातांसाठी काड्या मोडल्या जातात, वैद्य त्याचे गुण गातात. घराजवळ निंब असलेला बरा, त्याची हवा चांगली, म्हणून तोडू नका असं जाणती माणसं बजावतात. तोडत कुणीच नाही, पण निगाही कुणी राखत नाही. बुंध्याभोवती केरकचरा साठत राहतो. एक दिवस एक वेगळाच माणूस येतो. तो साल काढत नाही, पानं ओरबाडत नाही. नुसता बघत राहतो, झाडाच्या रूपाचं कौतुक करतो आणि निघून जातो. झाडाला वाटतं, याच्याबरोबर जावं. पण मुळं फार खोल गेलेली असतात. आणि मग एकच वाक्य येतं, ज्यातून कळतं की त्या घरच्या गुणी सुनेचीही गत अशीच आहे. गोष्ट संपते.

बांगलादेशात ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे. वर्गात तिचा अर्थ लावणं सोपं पडतं: झाड म्हणजे सून, पाहुणा म्हणजे तिच्या मनाची कदर करणारा कुणीतरी. हा अर्थ चुकीचा नाही, पण गोष्ट ज्या ठिकाणी बोचते ते ठिकाण त्यात हरवतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचक काय करत असतो? तो मान डोलावत असतो. कडुनिंब औषधी आहे, त्याची साल काढावी, पाला वाटावा, यात कुणाला काही गैर वाटत नाही. झाड वापरण्यासाठीच असतं. ही सगळी संमती देऊन झाल्यावर ‘सून’ हा शब्द येतो आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय उरलेली नसते. घरातल्या बाईकडे बघण्याची रीत बनफूल वर्णन करून सांगत नाहीत. वाचकाने पानभर तीच रीत वापरलेली असते आणि ते त्याला ती दाखवून देतात.

बंगालीत ज्याला ‘अणुगल्प’ म्हणतात त्या अतिलघुकथेचं खरं बळ इथे आहे. कमी शब्दांत मोठा आशय, गागर में सागर, हे तिचं नेहमीचं कौतुक फारसं काही सांगत नाही. म्हणी आणि जाहिरातीही कमी शब्दांतच असतात. समाजातलं एखादं वास्तव एका पानात मावतं, कारण त्याचा मोठा भाग वाचकाकडे आधीपासून असतो. लेखकाला ते सांगावं लागत नाही; ते दडपून ठेवलेलं आहे एवढंच उघडं करावं लागतं. म्हणून अतिलघुकथा सर्वांत चांगली चालते ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या पण कुणीच न बोलणाऱ्या गोष्टींबाबत. आणि याच कारणामुळे जिथे वाचकाला काहीच ठाऊक नसतं तिथे ती अडते. बंगालच्या गेल्या शंभरेक वर्षांच्या साहित्यात या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. पहिल्या बाजूवर भरपूर लिहिलं जातं, दुसरीवर फार कमी.

‘निमगाछ’च्या शेजारी रवींद्रनाथ ठाकुरांची ‘स्त्रीर पत्र’ ठेवून पाहावी. ती १९१४ मध्ये ‘सबुज पत्र’ या मासिकात आली. मृणाल ही मध्यमवर्गीय घरातली सून लग्नाच्या पंधरा वर्षांनंतर पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते. त्या घरात तिची बुद्धी कशी अडचणीची ठरली, आश्रयाला आलेल्या बिंदू नावाच्या मुलीचं काय झालं, आणि आपण परत का येणार नाही, हे ती एकेक करून सांगते. हा युक्तिवाद आहे, त्याला पानं लागतात. मृणालची सुटका तिच्या बोलण्यातच आहे. निंबाच्या झाडाला तोंड नाही. बनफूलांच्या सुनेला नाव नाही, वाक्य नाही, गोष्टीत तिच्या वाट्याला शेवटची ओळ आली आहे तीही दुसऱ्या कुणाच्या उपमेपोटी. मृणाल घर सोडते; हिची मुळं अडकलेली आहेत. ‘स्त्रीर पत्र’ जास्त धाडसी आहे यात शंका नाही. पण बंगालमधल्या किती घरांत मृणाल होती आणि किती घरांत ही नाव नसलेली सून होती, असं विचारलं तर छोट्या गोष्टीचं पारडं जड होतं. तिथलं मौन गोष्टीच्या लांबीतच उतरलेलं आहे.

बनफूल म्हणजे बलाइचाँद मुखोपाध्याय. जन्म १८९९ चा, तेव्हाच्या पूर्णिया जिल्ह्यातल्या मनिहारीचा. आज हे गाव बिहारच्या कटिहार जिल्ह्यात येतं. वडील डॉक्टर, हेही डॉक्टर. कोलकाता आणि पाटण्यात शिकून त्यांनी भागलपुरात स्वतःची पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा काढली आणि आयुष्याची सुमारे चार दशकं तिथे घालवली. मराठी माणसाला ते नावाने ओळखीचे नसतील, पण मृणाल सेन यांचा १९६९ चा ‘भुवन शोम’ पाहिलेले बरेच आहेत. तो त्यांच्याच कादंबरीवरचा. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७९ मध्ये ते गेले. कादंबऱ्या, नाटकं, कविता त्यांनी भरपूर लिहिल्या, पण पाचशेहून अधिक कथांनी त्यांचं स्थान पक्कं केलं, आणि त्यातल्या कित्येक अर्ध्या-एक पानाच्या आहेत.

डॉक्टरकीचा आणि या कथांचा संबंध समीक्षक नेहमी जोडतात, आणि तो जोडावाच लागतो. फक्त तो शैलीपुरता नाही. दवाखान्यात माणूस दहा मिनिटं समोर बसतो. त्याचं घर, कर्ज, भांडणं यातलं फारसं काही दिसत नाही; कोण त्याच्याबरोबर आलं, कोण दारात थांबलं, औषधाचा खर्च ऐकल्यावर कुणाकडे बघितलं गेलं, इतकंच दिसतं. भागलपुरात समोर येणारी माणसंही एका जातीची, एका भाषेची नव्हती: बंगाली वकील-कारकून, बिहारी शेतकरी, संथाळ मजूर, मुसलमान कारागीर. कोलकात्याच्या साहित्यवर्तुळापासून दूर राहिलेल्या या लेखकाला माणसाची दहा मिनिटं मिळत होती, आणि त्याने त्या दहा मिनिटांचीच गोष्ट लिहिली.

‘ताजमहाल’ ही कथा याचं उत्तम उदाहरण आहे. आग्र्याला असलेल्या एका डॉक्टरच्या तोंडून ती येते. एक म्हातारा मुसलमान आपल्या बायकोला मोठ्या टोपलीत बसवून, पाठीवर घेऊन इस्पितळात येतो. तिच्या तोंडाचा एक भाग सडून गेला आहे, दुर्गंधी असह्य आहे. आत ठेवलं तर इतर रोगी तक्रार करतात, म्हणून तिला व्हरांड्यात हलवतात. व्हरांड्यातही चालत नाही, तेव्हा ती बाहेर झाडाखाली जाते. म्हातारा तिची सेवा करत राहतो, कोसळत्या पावसात तिच्यावर चादर धरून भिजत उभा राहतो. ती वाचणार नाही हे डॉक्टर सांगतो. पुढे काही दिवसांनी तो म्हातारा उघड्या माळावर विटा रचताना दिसतो: बायकोची कबर बांधतोय. डॉक्टर नाव विचारतो. उत्तर येतं, फकीर शाहजहान.

हे नाव म्हणजे गोष्टीची कलाटणी, असं सगळे म्हणतात. नाव परिणामकारक आहेच. पण पुन्हा वाचताना दुसरंच काही जास्त लागतं: वॉर्ड, व्हरांडा, झाड. आजारी गरीब बाईला एका इमारतीने पायरी-पायरीने बाहेर कसं काढलं, हे तीन-चार वाक्यांत आहे आणि त्यात कुणीही दुष्ट नाही. रोग्यांची तक्रार खरी आहे, डॉक्टर दयाळू आहे, इंजेक्शनही देतो. सार्वजनिक इस्पितळाबद्दलचं याहून नेमकं वर्णन मोठमोठ्या कादंबऱ्यांत सापडणं अवघड. आणि ते टोचतं, कारण व्हरांड्यातून तिला हलवा म्हणणाऱ्यांत आपणही असतो हे वाचकाला पुरतं ठाऊक असतं.

‘छोटलोक’ ही गोष्ट तर सरळ सुशिक्षितांच्या चांगुलपणावर बोट ठेवते. राघव सरकार हे ताठ कण्याचे, तत्त्वाला पक्के गृहस्थ आहेत. माणसाने ओढलेल्या रिक्षात माणसाने बसणं त्यांना पाप वाटतं, म्हणून ते बसत नाहीत. एक रिक्षावाला त्यांच्या मागे मागे येतो. ते चालतच मुक्कामाला पोचतात आणि बिचाऱ्याला भाडं मिळावं म्हणून पैसे पुढे करतात. रिक्षावाला ते घेत नाही. तुम्ही बसलाच नाहीत, मग पैसे कशाचे? भीक आपण घेत नाही, असं सांगून तो निघून जातो. शीर्षकातला हलका माणूस कोण, हे ठरवायचं काम वाचकाचं.

ही गोष्ट आजही शिळी झालेली नाही. पश्चिम बंगालच्या सरकारने २००६ मध्ये हातरिक्षा बंद करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे हेच कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. ओढणाऱ्यांचा प्रश्न तेव्हाही राघवबाबूंच्या रिक्षावाल्याचाच होता: आमच्या कामाचं काय? त्यानंतरही कोलकात्याच्या जुन्या भागांत हातरिक्षा फिरत राहिल्या. बनफूल या वादात कुठल्याही बाजूला उभे राहत नाहीत. रिक्षा चांगली की वाईट हे ते सांगत नाहीत. दुसऱ्याची कीव करताना त्याच्या श्रमाचा अपमान होऊ शकतो, एवढंच ते एका रस्त्यावर, दोन माणसांत दाखवतात.

लग्नाच्या बाजाराचं काय? रवींद्रनाथांची ‘देनापाओना’ १८९१ ची. निरुपमाचा बाप हुंडा पुरा करू शकत नाही, सासरी तिचे हाल होतात, ती मरते. आणि अगदी शेवटी सासरच्या घरात नव्या स्थळाचा हुंडा ठरल्याची बातमी येते: या वेळी दुप्पट, म्हणजे वीस हजार, आणि तोही रोख. त्या शेवटच्या ओळीतच एक वेगळी अणुकथा लपलेली आहे. बनफूलांच्या ‘अमला’मध्ये मृत्यूही नाही आणि छळही नाही. अमलाला बघायला येणार म्हणून ती न पाहिलेल्या मुलाची स्वप्नं रंगवते. मुलगी पसंत पडते पण देण्याघेण्यात जमत नाही. मग दुसरं स्थळ, पुन्हा स्वप्नं, तेही फिसकटतं. शेवटी तिसऱ्याच एका माणसाशी लग्न होतं, स्वप्नातल्या कुणाशीही न जुळणाऱ्या. आणि गोष्ट सांगते की अमला सुखात आहे.

ते सुख खरं आहे की नाही, यावर बंगाली वाचक वाद घालत आले आहेत. अमला खरोखर सुखात असेल, आणि तेच जास्त भयंकर आहे. निरुपमाच्या बाबतीत समाजाला गुन्हेगार ठरवता येतं. अमलाच्या बाबतीत गुन्हा कुठे झाला हे दाखवताच येत नाही. एका माणसासाठी उमललेलं मन दुसऱ्याला, मग तिसऱ्याला देता यावं अशी तयारी मुलीच्या मनात लहानपणापासून करून घेतलेली आहे. कांदेपोह्यांच्या बैठका पाहिलेल्या मराठी घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

या कथांचा खरा पूर्वज म्हणून रवींद्रनाथांच्या ‘लिपिका’कडे बोट दाखवलं जातं. १९२२ च्या या पुस्तकात गद्यातल्या छोट्या रचना आहेत. त्यातली ‘तोताकाहिनी’ आधी १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती: राजाच्या पोपटाला शिकवण्यासाठी सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांच्या नकलांचे ढीग लागतात, देखरेख करणारे श्रीमंत होतात, पोपटाच्या चोचीत पानं कोंबली जातात आणि तो मरतो. ‘कर्तार भूत’ या दुसऱ्या रचनेत मेलेल्या मालकाचं भूत देशावर राज्य करत राहतं, आणि त्याच्या तुरुंगाच्या भिंती दिसत नसल्यामुळे कुणाला बाहेर पडता येत नाही. दोन्ही रचना धारदार आहेत, शिक्षणाबद्दल आणि रूढीबद्दल आजही लागू पडतात. तरी त्या बनफूलांहून वेगळ्या जातीच्या आहेत. राजा, त्याचे भाचे, पंडित हे सगळे दुसरे कुणीतरी असतात. वाचक पिंजऱ्याबाहेर उभा राहून पोपटाची कीव करू शकतो. रूपक त्याला सुरक्षित जागा देतं.

मराठीत वि. स. खांडेकरांनी रूपककथा रुजवली ती या दुसऱ्या वाटेने. पण मराठी वाचकाला बनफूलांच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर त्याने दिवाकरांच्या नाट्यछटांकडे जावं. पुण्यात शिक्षक असलेल्या या लेखकाने १९११ पासून पानभराच्या एकतर्फी संभाषणांतून पांढरपेशा घरातला दांभिकपणा बोलता केला. तिथेही लेखक मध्ये पडत नाही. पात्र स्वतःच बोलून स्वतःला उघडं करतं. पुणे आणि भागलपूर यांत कसलीही देवाणघेवाण नव्हती. पण दोन्हीकडे इंग्रजी शिकलेला एक मध्यमवर्ग तयार झाला होता, जो बोलत एक होता आणि घरात वागत दुसरं होता, आणि ते स्वतःशी कबूल करत नव्हता. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून मराठीत शरच्चंद्र घरोघरी गेले; बंगालचं हे एक पानी गद्य मात्र तितकंसं पोचलं नाही. ते जास्त यायला हवं होतं.

वाचकालाच कामाला लावण्याची परिसीमा सैयद मुजतबा अली यांच्या ‘पादटीका’ या कथेत आहे. ‘चाचा काहिनी’ या संग्रहातली ही कथा अणुगल्पाहून मोठी आहे, पण तिचं सगळं ओझं शेवटच्या एका हिशेबावर आहे. शाळेत लाटसाहेब येऊन जातात, बरोबर त्यांचा तीन पायांचा कुत्रा. नंतर संस्कृतचे पंडितजी वर्गात विचारतात: या कुत्र्यावर महिन्याला ७५ रुपये खर्च होतात, तर एका पायाचा खर्च किती? मुलं सांगतात, २५. मग पंडितजी म्हणतात, माझ्या घरात आठ माणसं आणि माझा पगार २५ रुपये. तर आमचं कुटुंब लाटसाहेबांच्या कुत्र्याच्या किती पायांइतकं?

वर्गात कुणी उत्तर देत नाही. गणित दुसरीतल्या मुलालाही येईल. वसाहतीच्या शिक्षणखात्याबद्दल मोठे अहवाल लिहिले गेले, त्यांत पगाराचे तक्ते होते. मुजतबा अलींनी तक्त्यातले दोन आकडे एका फळ्यावर आणले आणि भागाकार वाचकावर सोपवला. उत्तर मनात आलं की ते आपण स्वतः काढलेलं असतं. लेखकाने सांगितलं म्हणून पटलं, असं म्हणता येत नाही.

फाळणीच्या आधीच्या दंगलींवर समरेश बसूंनी १९४६ मध्ये लिहिलेली ‘आदाब’ थोडक्यातच आटोपते, आणि तिच्या आटोपशीरपणाला वेगळं कारण आहे. गल्लीत कचऱ्याच्या डब्याच्या दोन बाजूंना दोन माणसं लपलेली आहेत. एक गिरणीकामगार, एक नावाडी. दोघेही आधी तू कोण ते सांग म्हणून अडून बसतात, कारण नाव सांगितलं की धर्म कळतो. हळूहळू बोलणं होतं. नावाड्याला ईदसाठी घरी जायचं आहे. तो निघतो, आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. दंगलीत माणसाचं चरित्र पुसलं जातं, उरतो तो फक्त धर्म. गोष्टीत दोघांनाही नावं नाहीत. दंगलखोरांनी जे केलं ते लेखक आधी स्वतः करतो आणि मग त्या दोघांच्या तोंडी बायको-मुलं, काम, नदी हे सगळं परत आणतो. लांब कथेत नाव टाळणं कृत्रिम वाटलं असतं.

इथवर अतिलघुकथेच्या बाजूने बोललं. आता तिच्या मर्यादेकडे.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. सुमारे ३० लाख माणसं मेली असा अंदाज सांगितला जातो. या आपत्तीवरचं जे लेखन टिकलं ते बरंचसं मोठं आहे: विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘अशनि संकेत’ ही कादंबरी, बिजन भट्टाचार्यांचं १९४४ चं ‘नवान्न’ हे नाटक, माणिक बंद्योपाध्यायांच्या कथा. का? फुटपाथवरचं प्रेत एका पानात दाखवता येतं. पण तांदूळ का नाही, हे एका पानात येत नाही. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ जपानच्या आक्रमणाने थांबला, किनारपट्टीवरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या, लष्करासाठी आणि कोलकात्यासाठी खरेदी झाली, साठेबाजी झाली, भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. ‘अशनि संकेत’मध्ये गंगाचरण हा खेड्यातला ब्राह्मण पंतोजी आहे, युद्ध कुठे चाललंय हे गावात कुणाला धड ठाऊक नाही, आणि एकेक बाजार करत तांदूळ नाहीसा होत जातो. हे नाहीसं होणं सावकाश आहे म्हणूनच कळतं. एक पान इथे फक्त हळहळ निर्माण करू शकलं असतं, आणि त्या दुष्काळात हळहळणाऱ्यांची कोलकात्यात कमतरता नव्हती.

दुसरी मर्यादा आज जास्त दिसते. १९७० च्या दशकात कोलकात्यात खिशात मावतील अशा मिनी पत्रिकांची लाट आली आणि अणुगल्पाला स्वतःची जागा मिळाली. लिटल मॅगझिनच्या या जगाला किती कमी टिकाऊपणा होता हे ओळखून संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये टेमर लेनमधल्या घरी त्यांचं ग्रंथालय उघडलं; हे काम मोलाचं होतं. आता मोबाइलच्या पडद्याने अणुगल्पाला याहून कितीतरी मोठा वाचक दिला आहे, जसा मराठीत ‘अलक’ला दिला. पण त्यातलं पुष्कळसं लेखन एका सवयीत अडकलं आहे. भिकारी कुणाचा तरी बाप निघतो, वृद्धाश्रमातल्या आईच्या ट्रंकेत मुलाची बाहुली सापडते, वेश्या देवी ठरते. शेवटी धक्का, डोळ्यांत पाणी, पुढे पाठवा. हा धक्का पात्राबद्दल असतो. वाचकाचं काही जात नाही. उलट आपण किती हळवे आहोत याचा त्याला आनंद होतो. बनफूलांच्याच ‘सुलेखार क्रंदन’मध्ये या हळवेपणाची फजिती आहे: चांदण्यात रडणाऱ्या तरुणीच्या दुःखाचे कितीतरी काव्यमय तर्क होतात आणि कारण निघतं दातदुखी. कलाटणी कशासाठी वापरावी याचा तो धडाच म्हणावा लागेल.

तिसरी मर्यादा मात्र बनफूलांनाही लागू पडते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. वाचकाला आधीच ठाऊक असलेल्यावर जी कथा उभी राहते, तिला विचारलं पाहिजे की हा वाचक कोण. ‘निमगाछ’चा वाचक सुनेच्या घरात राहणारा आहे. ‘छोटलोक’चा वाचक राघव सरकार आहे. ती गोष्ट रिक्षावाल्याबद्दल आदराने बोलते, तरी तिच्या केंद्रात भद्रलोकांचीच, म्हणजे सुशिक्षित पांढरपेशांचीच, सदसद्विवेकबुद्धी आहे. रिक्षावाला येतो, एक तेजस्वी वाक्य बोलतो आणि जातो. तो कुठे झोपतो, किती कमावतो, त्याची जात कोणती, हे राघवबाबूंना माहीत नाही, वाचकालाही नाही, आणि गोष्ट इतकी लहान आहे की ते विचारायला तिच्यात जागाच नाही. लहान असण्याची ही किंमत आहे, आणि ती नेहमी एकाच बाजूचे लोक मोजत आले आहेत.

कोलकात्यातच एक रिक्षावाला पुढे लेखक झाला. मनोरंजन ब्यापारी हे पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र या दलित जातीच्या निर्वासित कुटुंबातले. अक्षरओळख त्यांना तुरुंगात झाली. रिक्षा चालवताना त्यांनी एका प्रवासी बाईंना एका अवघड बंगाली शब्दाचा अर्थ विचारला. त्या बाई महाश्वेता देवी निघाल्या. त्यांनी त्यांना आपल्या ‘बर्तिका’ या पत्रिकेत लिहायला सांगितलं आणि १९८१ मध्ये रिक्षा चालवण्याच्या त्यांच्या अनुभवावरचा मजकूर तिथे छापून आला. २०१२ मध्ये ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मचरित्र आलं. ते जाडजूड आहे आणि त्याला तसं असणं भाग होतं. निर्वासितांच्या छावण्या, चहाच्या टपऱ्यांवर मार खाणारं बालपण, नक्षलवादी काळातला कोलकाता, तुरुंग, दंडकारण्य, शाळेतल्या स्वयंपाक्याची नोकरी: यातलं भद्रलोक वाचकाला काहीच गृहीत नव्हतं. पश्चिम बंगालमध्ये जातच नाही, असं हा वाचक अनेक दशकं मानत आला होता. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ब्यापारींचा लेख मीनाक्षी मुखर्जींच्या अनुवादात आला तेव्हा त्याचं शीर्षकच बंगालीत दलित लेखन आहे का, असं विचारणारं होतं. अशा वाचकासमोर एक पान ठेवून काय उपयोग? जे तो नाकारतो ते त्याला आठवून कसं देणार?

मराठीने हा अनुभव आधी घेतलेला आहे. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या कवितेआधी विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती, आणि ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत फिरले होते. वाचक आणि कविता यांच्यामध्ये जे अज्ञान होतं ते त्या पानांनी थोडं भरून काढलं. १९७८ च्या ‘बलुतं’ने आणि नंतरच्या आत्मकथनांनी उरलेलं बरंचसं भरलं. आज मराठीत एखादा दलित कथाकार दोन ओळींत गावकुसाबाहेरची विहीर उभी करू शकतो आणि ती वाचकाच्या डोळ्यांसमोर येते, यामागे त्या सगळ्या पानांचं काम आहे.

बंगालीत ते काम आता चालू आहे. ब्यापारी, कल्याणी ठाकुर चाँड़ाल आणि इतर लेखक ते करत आहेत. २०२० मध्ये पश्चिम बंगाल सरकारने दलित साहित्य अकादमी स्थापन केली आणि ब्यापारी तिचे अध्यक्ष झाले. तेव्हा बंगाली अतिलघुकथेचं भवितव्य शोधायचं तर शब्दमर्यादेच्या स्पर्धांत शोधू नये, या जाड पुस्तकांत शोधावं. ‘छोटलोक’चीच घटना रिक्षावाल्याच्या बाजूने एका पानात लिहायची असेल तर वाचकाला आधी पुष्कळ काही ठाऊक असावं लागेल: रिक्षा बहुतेक वेळा ओढणाऱ्याच्या मालकीची नसते आणि तिचं रोजचं भाडं सरदाराला, म्हणजे रिक्षांच्या मुकादमाला, द्यावं लागतं, रात्री रिक्षा ठेवायची ती डेऱ्यात, आणि तिथेच दाटीवाटीने झोपायचं, घर बिहारात किंवा झारखंडात आहे आणि पैसे तिकडे पाठवायचे आहेत, राघवबाबूंच्या मागे चालत घालवलेला वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या भाड्यातून गेलेला आहे. एवढं वाचकाच्या अंगवळणी पडलं तर त्या माणसाने नाकारलेल्या पैशांचा अर्थ वेगळा लागेल. तत्त्वासाठी ज्याला खरोखर झळ सोसावी लागली, असा त्या रस्त्यावर एकच माणूस होता, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.